घर विकायचंय? आधी कागद, मग फलक

यवतमाळात उमरसरा, वाघापूर, दारव्हा रोड या बाजूंना शिक्षकांनी, बँकवाल्यांनी, एस.टी.तल्या माणसांनी कधीकाळी दीड हजार चौरस फुटांचे प्लॉट घेऊन हौसेनं घरं बांधली. आता ती माणसं निवृत्त झाली आहेत आणि मुलं पुण्याला, नागपूरला किंवा त्याहूनही लांब आहेत. घर विकायचं असं घरात नुसतं बोलणं झालं, की दोन दिवसांत कोणीतरी दारात येतो: "काका, गिऱ्हाईक तयार आहे माझ्याकडे. फक्त दोन टक्के द्या, बाकीचं मी पाहतो."

समजा घर 40 लाखांना गेलं. दोन टक्क्यांप्रमाणे 80 हजार होतात. दलालाची जीएसटी नोंदणी असेल तर त्यावर 18 टक्के, म्हणजे आणखी 14,400 रुपये. घेणाऱ्याकडूनही तो आपला वाटा घेतो आणि घेणारा ती रक्कम मनात धरूनच तुमच्याशी भाव करतो. म्हणून दोन्ही बाजूंची दलाली शेवटी बरीचशी घराच्या किमतीतूनच निघते.

'दोन टक्के हा रेटच आहे' असं तुम्हाला सांगितलं जाईल. महाराष्ट्रात जुन्या घराच्या विक्रीवर दलाली किती घ्यावी, हे कोणत्याही कायद्यानं ठरवलेलं नाही. दोन टक्के ही केवळ पडलेली चाल आहे आणि ती बोलून बदलता येते. अमेरिकेत घर विकणाऱ्याला वर्षानुवर्षं पाच-सहा टक्के मोजावे लागत होते. तिथल्या विक्रेत्यांनी न्यायालयात दाद मागितली, तेव्हा ऑगस्ट 2024 पासून दलालांच्या संघटनेला आपले नियम बदलावे लागले. आपल्याकडे त्यासाठी न्यायालयात जायची गरज नाही. दलाल नेमकं कोणतं काम करतो आणि त्यातलं किती आपल्याला करता येतं, एवढं पाहिलं तरी पुरे.

त्याची कामं तीन. गिऱ्हाईक आणणं, भाव जुळवणं आणि व्यवहार रजिस्ट्रीपर्यंत नेणं. पहिली दोन कामं यवतमाळ, वणी, पुसद, दिग्रससारख्या गावांत कठीण नाहीत, कारण इथं माणसं एकमेकांना ओळखतात. मालक अडतो तो तिसऱ्या कामात. कागद अपुरे असतात, बँक नाही म्हणते, घेणारा मागं सरतो, आणि हवालदिल झालेला मालक 'काय घ्यायचं ते घे, पण एकदाचं करून दे' म्हणतो. दलालीचा आकडा तिथं फुगतो. म्हणून माझं सांगणं असं, की फाटकावर 'घर विकणे आहे' हा फलक लावण्याआधी एक महिना फक्त कागदांना द्या.

कागदांचा महिना

आपलं घर नेमक्या कोणत्या जमिनीवर उभं आहे, हे पहिल्यांदा पाहा. आपल्या जिल्ह्यात याची चार-पाच वेगवेगळी उत्तरं निघतात आणि प्रत्येकाचा कागद वेगळा असतो.

शहराच्या जुन्या भागातलं घर असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून आखीव पत्रिका काढा. पुण्या-मुंबईकडं जिला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात, तीच ही. ती हातात आली की नुसतं आपलं नाव पाहून घडी घालू नका. शीट नंबर आणि प्लॉट नंबर तुमच्या खरेदीखताशी जुळतात का ते पाहा. क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं, त्याला 10.764 नं गुणलं की चौरस फूट मिळतात. तुम्ही सगळ्यांना दीड हजार फूट सांगत असाल तर पत्रिकेवर 139 मीटरच्या आसपास आकडा हवा. तिथं 128 असेल तर फरक सव्वाशे फुटांचा आहे आणि घेणाऱ्याचा वकील तो पहिल्या बैठकीतच काढेल. त्यानंतर धारणाधिकाराचा रकाना वाचा. जमीन पूर्ण मालकीची आहे की सरकारनं भाडेपट्ट्यानं दिलेली नझूल आहे, हे तिथं कळतं. शेवटी इतर भारांचा रकाना पाहा. पंधरा वर्षांपूर्वी फेडलेल्या पतसंस्थेच्या कर्जाचा बोजा अजून तिथंच बसलेला अनेकदा आढळतो. बोजा उतरवायला संस्थेचा दाखला आणि अर्ज लागतो. काम साधं आहे, पण सौदा ठरल्यावर करायला घेतलं तर त्यात पंधरा दिवस सहज जातात.

जमीन नझूलची निघाली तर घाबरून जाऊ नका, मात्र पट्ट्याची मुदत संपली आहे का आणि हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते का, हे नझूल शाखेत जाऊन विचारा. नागपूर आणि अमरावती विभागांतल्या निवासी नझूल भूखंडांना सवलतीत पूर्ण मालकी, म्हणजे भोगवटादार वर्ग-1 चा दर्जा देण्यासाठी शासनानं अभय योजना काढली होती. तिची मुदत आज चालू आहे का, हेही तिथंच विचारा. वर्ग-1 झालेल्या घराला भाव चांगला येतो आणि बँकेची हरकतही राहत नाही.

ले-आउटमधल्या घराचे कागद निराळे. तिथं सातबारा, एन.ए.चा आदेश, मंजूर ले-आउटचा नकाशा आणि बांधकाम परवानगी लागते. एन.ए.-टी.पी. प्लॉट आहे एवढं तोंडी सांगून आता भागत नाही. बँकेला आदेशाची प्रत लागते. लोहारा, वाघापूर, उमरसरा, वडगाव, पिंपळगाव ही गावं हद्दवाढीत नगर परिषदेत आली. तिथल्या पुष्कळ घरांची परवानगी ग्रामपंचायतीच्या काळातली आणि कर मात्र नगर परिषदेचा, अशी स्थिती आहे. दोन्ही काळांचे कागद एकत्र लावून ठेवा. जुनी परवानगी सापडत नसेल तर नगर परिषदेच्या बांधकाम विभागात नकलेचा अर्ज आजच टाका.

खेड्यातल्या गावठाणातलं घर असेल तर दोन 'आठ' गोंधळ घालतात. ग्रामपंचायतीचा नमुना 8 म्हणजे घराच्या कर आकारणीचा उतारा. तलाठ्याचा गाव नमुना 8-अ म्हणजे शेतजमिनीच्या खात्याचा उतारा. घराच्या विक्रीला पहिला लागतो, आणि माणसं दुसरा घेऊन रजिस्ट्री ऑफिसात पोहोचतात. शिवाय पहिला असला तरी तो कराचा कागद आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. एप्रिल 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं दिली जात आहेत. तुमच्या गावाचं पत्रक तयार झालं असेल तर ते घेतल्याशिवाय घर बाजारात काढू नका.

आता जिल्ह्याच्या दृष्टीनं सर्वांत गंभीर गोष्ट. केळापूर, घाटंजी, झरी-जामणी, मारेगाव, राळेगाव भागात आदिवासी बांधवांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर आहेत. आदिवासी व्यक्तीची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि तिला शासनाची पूर्वसंमती लागते. हा कायदा कोलाम, गोंड, परधान, आंध कुटुंबांच्या रक्षणासाठी आहे. 'परवानगी मी आणून देतो, तुम्ही इसार घ्या' असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. असा इसार घेणारा आणि देणारा दोघेही अडकतात. घरकुल योजनेतलं घर किंवा नियमित केलेल्या अतिक्रमणाची जागा असेल तर तिच्याही विक्रीवर अटी असतात. त्या मंजुरीच्या आदेशात लिहिलेल्या असतात, तो आदेश काढून वाचा.

घर वडिलांच्या नावावर असेल आणि वडील गेले असतील तर प्रश्न भावाबहिणींचा येतो. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानुसार वडिलांनी स्वतः घेतलेल्या घरात आई, सगळे मुलगे, सगळ्या मुली, आणि आजी हयात असेल तर तीही, समान वाट्याचे मालक होतात. वडिलोपार्जित मिळकतीतही या कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. वडील तेव्हा हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. बहिणीकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घेण्याची पद्धत आहे आणि ते कायदेशीरही आहे. मला विचाराल तर बहिणींनी विक्रेत्या म्हणूनच खरेदीखतावर सही करावी आणि आपला वाटा आपल्या खात्यात घ्यावा. त्यानं घरातलं नातंही टिकतं आणि घेणाऱ्याच्या मनात शंकाही राहत नाही. वारस नोंद मात्र आधी करून घ्या.

एवढं झालं की एखाद्या चांगल्या दिवाणी वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेऊन हक्क शोध अहवाल तयार करून घ्या. बँक हाच अहवाल मागते. त्याला काही हजार रुपये लागतात आणि दलाली वाचवण्यासाठी केलेला सर्वांत उपयोगी खर्च हाच. जोडीला घरपट्टीची भरलेली पावती, महावितरणचं शेवटचं बिल आणि शहरात असाल तर जीवन प्राधिकरणाचं पाण्याचं बिल लावा. सगळ्याच्या झेरॉक्सचे दोन संच करा. मूळ कागद घराबाहेर जाऊ देऊ नका, दलालाच्या पिशवीत तर मुळीच नाही.

भाव कसा ठरवावा

रेडी रेकनरचे दर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. तो बाजारभाव नव्हे, तो सरकारी किमान हिशेब आहे. तरी तो माहीत हवा, कारण मुद्रांक शुल्क किमान त्यावर मोजलं जातं आणि त्याहून दहा टक्क्यांपेक्षा जास्त खाली विकलं तर तुमचा आयकरही रेकनरच्या किमतीवर धरला जातो. त्याच संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये आपल्या ले-आउटमधल्या अलीकडच्या व्यवहारांची सूची-2, म्हणजे लोक जिला इंडेक्स टू म्हणतात ती, पाहता येते. मग गल्लीत वर्षभरात घर विकलेल्या दोघा-तिघांना भेटून प्रत्यक्षात काय मिळालं ते विचारा. आपल्याकडं लोक सांगतात.

जमिनीची किंमत आणि बांधकामाची किंमत वेगळी धरा. जमीन वाढत जाते, स्लॅब म्हातारा होत जातो. हौसेनं बसवलेल्या फरशीचे पैसे परत येतील अशी आशा धरू नका.

वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गातला वर्धा ते कळंब हा टप्पा 28 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झाला. तेव्हापासून गाडी यवतमाळला आली की भाव चढेल म्हणून पुष्कळ जण थांबून आहेत. रिकामा प्लॉट असेल आणि पैशाची निकड नसेल तर थांबण्यात अर्थ आहे. राहत्या घराला मात्र दरवर्षी घरपट्टी, रंग आणि गळती असते, आणि बंद ठेवलेलं घर फार लवकर खचतं. ज्याला विकायचंच आहे त्यानं रेल्वेच्या भरवशावर वर्षं घालवू नयेत.

हंगामाकडं मात्र लक्ष द्या. सोयाबीन आणि कापसाचा पैसा दिवाळीपासून पुढं शेतकऱ्याच्या हाती येतो, आणि मुलांच्या शिक्षणासाठी जिल्ह्याच्या गावी घर घेणारा आर्णी, नेर, बाभूळगाव, घाटंजीकडचा माणूस याच दिवसांत फिरतो. सरकारी बदल्यांचा काळ मे-जूनचा, पण त्याआधीच फलक लागलेला हवा. म्हणून नोव्हेंबर ते गुढीपाडवा हा आपल्याकडं फलक लावायला सर्वांत चांगला काळ.

गिऱ्हाईक

फलकावर 'थेट मालकाकडून' हे शब्द मोठ्या अक्षरात लिहा, खाली क्षेत्र आणि फोन नंबर द्या. किंमत फलकावर नको, पण फोनवर विचारली की आढेवेढे न घेता सांगा. मग ज्यांना घर लागतं त्यांच्यापर्यंत थेट जा. वैद्यकीय महाविद्यालयातले कर्मचारी, जिल्हा परिषदेचे शिक्षक, पोलीस, बँका, आणि वणीकडं असाल तर वेकोलिचे कामगार. या सगळ्यांच्या पतसंस्था आहेत आणि व्हॉट्सअॅप गट आहेत. तिथं टाकायचा मजकूर चार ओळींचा असावा: कुठं, किती, कोणत्या दिशेचं, कागद बँकेसाठी तयार. या शेवटच्या तीन शब्दांनी जेवढी खरी गिऱ्हाईकं येतील तेवढी दहा छायाचित्रांनी येणार नाहीत. शेजाऱ्यांनाही विसरू नका. लगतचं घर भावासाठी किंवा जावयासाठी हवं असलेला शेजारी सर्वांत चांगला भाव देतो.

ऑनलाइन जाहिरात देणार असाल तर एक सावधगिरी. 'मी सैन्यात आहे, घर न पाहताच घेतो, टोकन पाठवतो, फक्त हा क्यूआर स्कॅन करा' असा फोन आला की ठेवून द्या. पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही. चुकून फसवणूक झालीच तर त्याच क्षणी 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

घर पाहायला आलेला माणूस यवतमाळात पहिल्यांदा पाण्याचं विचारतो. नळ किती दिवसांआड येतो, बोअर किती फूट आहे, मे महिन्यात टँकर लागतो का. 2018 च्या उन्हाळ्यात शहरानं जी पाणीटंचाई भोगली ती लोक विसरलेले नाहीत. निळोणा-चापडोह धरणांवर भागत नाही म्हणून बेंबळा धरणाचं पाणी आणायची योजना आली, हे सगळ्यांना माहीत असतं. तुमच्या गल्लीत आज काय स्थिती आहे ते खरं सांगा. दुसरं लक्ष जातं भिंतीच्या भेगांकडं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळं पाया नीट नसेल तर भिंत तिरपी चिरते. विकण्याआधी पुट्टी भरून रंग मारून भेग झाकू नका. सहज न दिसणारा मोठा दोष खरेदीदाराला सांगणं हे मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं विक्रेत्याचं कर्तव्य आहे, आणि लपवलेली भेग पहिल्याच पावसाळ्यानंतर भांडण घेऊन येते. इंजिनिअरला दाखवा, दुरुस्तीचा अंदाज कागदावर घ्या आणि तो घेणाऱ्यासमोर ठेवा. भाव थोडा कमी होईल, पण व्यवहार टिकेल.

बोलणी अडली तर एक गोष्ट घेणाऱ्याच्या कानावर घाला. घर फक्त स्त्रीच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे; 2021 पासून ती लागू आहे. 40 लाखांच्या घरात त्याचे 40 हजार वाचतात. तीस-चाळीस हजारांवर तुटायला आलेला सौदा तुमच्या खिशातून रुपयाही न जाता यातून जुळू शकतो, आणि घर त्या बाईच्या नावावर होतं, ही तर चांगलीच गोष्ट.

इसारपत्र

या कागदापाशी घाई करू नका. भाव तोंडी ठरल्या संध्याकाळी पाचशेच्या स्टॅम्पवर चार ओळी लिहून पन्नास हजार हातात देण्याची जी पद्धत आहे, तिच्यातून निघालेले दावे न्यायालयात वर्षानुवर्षं चालतात. मसुदा तुमच्या वकिलाकडून करा. एकूण किंमत, इसाराची रक्कम, ती कोणत्या बँकेतून आली, चतुःसीमा, रजिस्ट्रीची शेवटची तारीख, त्या तारखेला पैसे आले नाहीत तर काय, आणि घेणाऱ्याचं कर्ज मंजूर झालं नाही तर काय, हे सगळं त्यात हवं. घेणारा कर्ज काढणार असेल तर दोन-तीन महिने मुदत रास्त आहे. वर्षाची मुदत मागणाऱ्याकडं पैसे नसतात.

त्या कागदात एक वाक्य शोधा: 'खरेदीखत लिहून घेणार यांच्या नावे अथवा ते सांगतील त्यांच्या नावे करून देईन.' दिसायला निरुपद्रवी आहे. पण दलाल किंवा त्याचा माणूस दोन लाख इसार देऊन तुमचं घर 40 ला बांधून ठेवतो, मुदतीत तेच 44 ला दुसऱ्याला विकतो आणि रजिस्ट्री तुमच्याकडून थेट त्या तिसऱ्याच्या नावानं करून घेतो. मधले चार लाख त्याचे, आणि करपात्र विक्रेते तुम्ही. 'अथवा ते सांगतील त्यांच्या नावे' हे शब्द खोडा. समोरचा त्यावर अडून बसला तर तो घर घेणारा नाही, हे तुम्हाला कळलं. 'मला अमुक हातात द्या, वरचे तुझे' हा तोंडी करारही याच जातीचा आहे. तो कधी करू नका. दलालाच्या नावे मुखत्यारपत्र तर कदापि नको.

इसाराची रक्कम बँकेतूनच घ्या. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतली तेवढाच दंड आयकर खातं लावू शकतं. आणि इसारावर ताबा देऊ नका. 'दोन दिवसांत सामान टाकतो, मुहूर्त आहे' म्हटलं तरी किल्ली द्यायची नाही. ताब्यासह केलेल्या इसारपत्राला पूर्ण खरेदीखताएवढं मुद्रांक शुल्क लागतं, आणि आत शिरलेल्या माणसाला बाहेर काढणं काय असतं हे ज्यांच्यावर वेळ आली त्यांना विचारा.

रजिस्ट्रीला फारसं काही उरत नाही. खरेदीखताचा मसुदा वकील किंवा दस्तलेखक करतो. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क (1 टक्का, कमाल 30 हजार) घेणारा भरतो, ऑनलाइन चलनानं. दस्ताची माहिती आधीच संकेतस्थळावर भरता येते आणि दुय्यम निबंधकांकडची वेळही घेता येते. खरेदीखतात पैसे मिळाल्याचा तपशील, डिमांड ड्राफ्टचा नंबर आणि तारीख आली पाहिजे. पैसे थेट खात्यात येणार असतील तर ते जमा झाल्याचं बँकेकडून खात्रीनं कळल्यावरच अंगठा लावा.

दलाल कधी घ्यावा

काही वेळा तो घ्यावाच. तुम्ही पुण्यात आहात, घरात जुना भाडेकरू आहे, किंवा वयोमानानं रोज घर दाखवणं झेपत नाही, तर त्याचं काम खरं काम आहे आणि त्याचे पैसे त्याला मिळाले पाहिजेत. फक्त टक्क्यांऐवजी ठरावीक रक्कम बोला. कागद तयार असताना निम्मं काम झालेलं असतं, म्हणून निम्मी दलाली मागणं न्याय्य आहे. 'तुमच्या माणसाला विकलं तर एवढे, मी स्वतः गिऱ्हाईक आणलं तर काही नाही, आणि पैसे रजिस्ट्रीच्या दिवशी, इसाराच्या दिवशी नाही', असं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. महारेराची दलाल नोंदणी नव्या प्रकल्पांसाठी आहे. जुन्या घराच्या विक्रीत ती नसली तरी चालतं. त्यामुळं तिथली तक्रारीची वाटही तुम्हाला नाही, हा कागदच तुमचा आधार.

शेवटी कराबद्दल. मालक परदेशात स्थायिक मुलगा किंवा मुलगी असेल तर घेणाऱ्याला कर कापावा लागतो आणि तो बराच असतो. अशा वेळी चार्टर्ड अकाउंटंटला सौदा ठरण्याआधी भेटा. भारतात राहणाऱ्या मालकाला 50 लाखांच्या आत ही कपात नाही.

विक्रीनंतर वीज, पाणी आणि घरपट्टी नव्या मालकाच्या नावावर झाल्याची खात्री स्वतः करून घ्या, नाहीतर थकबाकीच्या नोटिसा तुमच्याच नावानं येत राहतील. घर दोन वर्षांहून जास्त काळ तुमचं होतं तर नफ्यावर 12.5 टक्के कर आहे. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक लावून 20 टक्क्यांनी हिशेब करायची मुभा आहे. दोन्हींत जो कमी तो भरायचा. 2001 च्या आधीचं घर असेल तर 1 एप्रिल 2001 ची किंमत नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून काढून घ्या, कर पुष्कळ उतरतो. विक्रीपासून दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावर कर नाही. वकिलाची फी, जाहिरातीचा खर्च आणि दिली असेल ती दलाली नफ्यातून वजा करता येते, पण पावती असेल तरच. म्हणून पहिल्या झेरॉक्सपासून शेवटच्या चलनापर्यंतची प्रत्येक पावती एका फाइलमध्ये लावा आणि ती फाइल विवरणपत्र भरेपर्यंत हाताशी ठेवा.